खाली म्हणजे नीचे

कुवेतमधला उन्हाळा संपला हे मला आमच्या न्हाणीघरातला नळ सांगतो. मे ते सप्टेंबर गार पाण्याचा नळ सोडला की गच्चीवरच्या टाकीत तापलेलं, हात पोळणारं पाणी येतं. म्हणून आम्ही गीझर बंद ठेवतो आणि गीझरचं पाणी गार म्हणून वापरतो. लाल खुणेचा नळ गार, निळ्या खुणेचा गरम. पुण्याहून पाहुणे आले की हे समजावताना माझी पुरेवाट होते आणि तरीही पहिल्या दिवशी प्रत्येक जण एकदा ओरडतोच. मग ऑक्टोबरातल्या एखाद्या सकाळी निळा नळ पुन्हा शहाण्यासारखा वागायला लागतो. मी तळहातावर पाणी घेऊन जरा वेळ उभी राहते आणि मग घरातला एसी बंद करते.

एसी बंद झाला की पाच महिने त्याच्या घरघरीत दडलेले आवाज एकेक करून परत येतात. वरच्या मजल्यावरच्या इजिप्शियन बाईंचा रेडिओ, कठड्यावरची कबुतरं, समुद्राच्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या. आणि शुक्रवार असेल तर इमारतीमागच्या मैदानावरून चेंडूचा धप्प आवाज. अबू हलीफातल्या या फ्लॅटमध्ये आम्ही राहायला आलो तेव्हा मैदान जवळ आहे म्हणून मी केवढी खूश झाले होते. आता त्या बाजूची खिडकी मी लावून घेते.

यंदाच्या त्या पहिल्या गार शुक्रवारी मी खिडकीकडे जातच होते, तेवढ्यात निनादचा फोन आला. निनाद माझा मुलगा. अमेरिकेत खेळाचं व्यवस्थापन शिकतो, शेवटचं वर्ष आहे. हा विषय शिकायला परदेशी जावं लागतं हे मी माझ्या सासरच्या लोकांना अजून पटवून देऊ शकलेले नाही. तो दुसरीत असल्यापासून आमचं बोलणं एकाच पद्धतीने चालतं. मी मराठीत विचारते, तो इंग्रजीत उत्तर देतो, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नाही.

"आई, यू रॅन अ लीग, राइट? विथ प्रमोशन अँड रेलिगेशन?"

"चालवली कसली, एक्सेल भरत होते," मी म्हटलं.

त्याला शेवटचा प्रबंध लिहायचा होता. विषय असा की, अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये वर चढणं आणि खाली उतरणं चालू शकेल का. इंग्लंडात, स्पेनमध्ये, अगदी आमच्या वाळूच्या मैदानावरसुद्धा शेवटी राहिलेले संघ पुढच्या वर्षी खालच्या गटात जातात आणि खालचे जिंकलेले वर येतात. अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये मात्र तसं नाही. तिथे संघाच्या मालकाने आपली जागा विकत घेतलेली असते. शेवटचा आला तरी पुढच्या वर्षी तो तिथेच. उलट तिथल्या बऱ्याच खेळांत जो तळाला राहतो त्यालाच नवे खेळाडू निवडायचा पहिला मान मिळतो. नापास झालेल्याला पहिल्या बाकावर बसवून वर पेढा द्यायचा, असा तो प्रकार मला वाटला. मी तसं म्हटलंही. निनाद हसला आणि म्हणाला की, मालक ती जागा घेतो तीच मुळी ती जाणार नाही म्हणून. उद्या जागा जाऊ शकेल असा कागद पुढे केला तर सही कोण करील? आणि खालच्या लीगमध्ये मैदानं लहान, अंतरं हजारो मैलांची, बघायला माणसं तुरळक. तिथल्या एका खालच्या लीगने आपल्यापुरतं चढणं-उतरणं सुरू करायचं ठरवलंय म्हणे, पण निनादला त्यात दम वाटत नव्हता. पडलेला संघ तिथे तगणार नाही, मरेल, असं त्याचं मत होतं.

"अँड आय हॅव अ केस," तो म्हणाला. "दाऊदचाचाज् टीम. रेलिगेशन किल्ड देम. आई, तू फक्त तुझ्या शब्दांत सांग, मी रेकॉर्ड करतो. संडेला सबमिट करायचंय."

एवढं मात्र तो चक्क मराठीत बोलला. मी त्याला म्हटलं, दूध उतू जातंय, उद्या करते फोन. गॅसवर काहीही नव्हतं.

दाऊदभाई रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे. इथल्या राई भागातल्या एका गॅरेजात गाड्यांचे एसी दुरुस्त करत आणि खैतानमध्ये गावच्याच सात-आठ जणांबरोबर एका खोलीत राहत. मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती, तरी ते गोलकीपर होते. उंची बेताची, पोट थोडं सुटलेलं, हात मात्र लांब. गावच्या पोरांचा त्यांनी संघ केला होता, नाव 'खाडीपार'. पिवळे शर्ट, पाठीवर रंगाने हाताने काढलेले आकडे. त्यांतला सात नेहमी एकासारखा दिसायचा.

आठवडाभर ही माणसं गाड्यांच्या पोटात डोकं घालून असत, पन्नास अंशात, आणि शुक्रवारी सकाळी सहाला मैदानावर हजर. दाऊदभाई सगळ्यांच्या आधी यायचे. मैदानावर फक्की मारायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. एका हातात डबा, कमरेत वाकून, पाठीमागे पाठीमागे चालत ते रेघ ओढायचे, आणि ती रेघ शाळेच्या मास्तरांनी ओढल्यासारखी सरळ यायची. वारा सुटला की अर्ध्या तासात ती पुसून जायची. मग ते पुन्हा ओढायचे. "वैनी, रेघ नाय तर खेल नाय," असं मला सांगायचे.

निनाद तेव्हा पंधरा वर्षांचा होता आणि गोलमध्ये उभं राहायचं वेड त्याला त्यांच्यामुळेच लागलं. सामना संपला की दाऊदभाई त्याला अर्धा तास सरावाला घ्यायचे. "भायेर ये," ओरडायचे. "गोल धरून उभा ऱ्हायलास तर बॉल तुला दिसल, पन घावनार नाय. भायेर ये!" निनादला त्यांचं बोलणं अर्धं कळायचं. पण तो बाहेर यायला शिकला.

आणि मी? मी त्या लीगची सेक्रेटरी होते. त्याला कारण एवढंच, की मला एक्सेल येत होतं आणि मुलाला सोडायला मी दर शुक्रवारी मैदानावर जातच होते. नवऱ्याची नोकरी तेलाच्या कंपनीत, शुक्रवारीही शिफ्ट. मी विमा कंपनीच्या ऑडिट विभागात. ऑडिटवाल्या माणसाच्या हातात काहीही दिलं तरी तो त्याची नियमावली करतो, तशी मी केली. सोळा संघांचे दोन गट पाडले. वरचा गट, खालचा गट. मोसम संपताना वरचे शेवटचे दोन खाली, खालचे पहिले दोन वर. वरच्या गटाचे सामने शुक्रवारी सकाळी, आमच्या मागच्या मैदानावर. खालच्या गटाचे दुपारी, त्याच मैदानावर, उन्हात. सामन्याची वेळ बदलायची तर आठ दिवस आधी लेखी अर्ज. लोक मला मागे 'लेखीबाई' म्हणत. मला ते ठाऊक होतं आणि खोटं कशाला सांगू, आवडतही होतं.

हे सगळं ऐकायला फार न्याय्य वाटतं. मलाही वाटायचं. ज्याच्यात दम आहे तो वर राहील, नाही तो खाली येईल, पुन्हा मेहनत करील, पुन्हा चढेल. या देशात आम्हा कुणालाच चढायची सोय नाही. दाऊदभाई तीस वर्षं राहिले आणि मी एकवीस, पण रहिवासाच्या कार्डावर आमची नावं जितकी कच्ची पहिल्या दिवशी होती तितकीच आजही आहेत. कार्डाची मुदत संपत आली की अजूनही माझी झोप उडते. असं असताना आठवड्यातले चार तास तरी एक जागा अशी होती, जिथे माणसाला आपल्या पायांच्या बळावर वर जाता येत होतं. मी त्या तक्त्याकडे समाधानाने बघत बसायची.

त्या मोसमाचा शेवटचा शुक्रवार एप्रिलमध्ये आला. खाडीपार खालून तिसरे होते. बरोबरी झाली असती तरी वाचले असते. समोर आमच्याच मंडळाचा संघ होता, बँकेतली आणि कॉम्प्युटरमधली मराठी मुलं. सकाळी साडेपाचला दाऊदभाईंचा फोन आला.

"वैनी, मुदीरनी चार पोरांना पकडून ठेवलाय. अर्जंट काम हाय, नवापर्यंत सोडतो बोललाय. मॅच येक तास फुडं घेताव काय?"

मुदीर म्हणजे त्यांच्या गॅरेजचा मॅनेजर. त्यांचा सामना साडेआठला होता आणि नंतरचा साडेनऊला, दोघांची अदलाबदल करता आली असती. दोन फोन करावे लागले असते. मी म्हटलं, "दाऊदभाई, नियम सगळ्यांना सारखा. आठ दिवस आधी लेखी हवं होतं."

"व्हय," ते म्हणाले. "ता बी खराच."

आठ जणांनिशी ते अकरांशी खेळले. हवेत धूळ होती, सूर्य पितळी दिसत होता आणि फक्कीची रेघ दिसेनाशी झाली होती. दाऊदभाईंनी काय काय अडवलं ते मी मोजायचं सोडून दिलं. शेवटच्या पाच मिनिटांत आमच्या एका मुलाने लांबून मारलेला चेंडू वाळूत टप्पा घेऊन वेडावाकडा उडाला आणि त्यांच्या हाताखालून गेला. आमची मुलं नाचली. खरं म्हणजे आम्हाला त्या विजयाने काहीच मिळणार नव्हतं, आम्ही मधेच कुठेतरी होतो.

दाऊदभाई चेंडू काखेत घेऊन माझ्या टेबलाशी आले. केसांत, भुवयांत, ओठांच्या कडांना वाळू. मला वाटलं आता बोलतील, आणि बोलले असते तर मला चाललं असतं. त्यांनी विचारलं, "वैनी, खालच्या गटात मॅचा किती वाजता असतात?"

दुपारी दोनपासून, मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. गॅरेजला सुट्टी शुक्रवारी सकाळची असायची, दुपारी काम सुरू व्हायचं. ते तिथेच उभं राहून बोटांवर काहीतरी जुळवत राहिले आणि मग निनादचा सराव घ्यायला मैदानावर गेले.

उन्हाळ्यात मी पुण्याला होते. जूनच्या शेवटी मैदानवाल्यांना पुढच्या मोसमाची यादी द्यायची असते. मैदान सांभाळायचे ते मुस्तफाभाई, हैदराबादचे. सोळाही संघांची नावं आणि वेळा त्यांच्या वहीत असत. मी त्यांना आमच्या पुणेरी हिंदीत मेसेज केला. कोण वर आलं ते लिहिलं आणि खाली लिहिलं, "दाऊदभाई का टीम खाली." दुसऱ्या खाली गेलेल्या संघाचा कप्तान केरळचा होता, त्याच्यासाठी मी इंग्रजीत रेलिगेटेड लिहिलं. दाऊदभाई आपले, म्हणून आपल्या शब्दात लिहिलं.

दोन दिवसांनी मुस्तफाभाईंचा फोन आला. मी दुकानात होते, आईच्या चष्म्याची काच बघत. "मॅडम, वो दाऊदभाई का पूरा खाली ना?"

"हाँ हाँ, खाली," मी म्हटलं. "पक्का. लिस्ट में वैसाच लिखो."

आपण मराठी माणसं हिंदी बोलताना आयुष्यभर हे करतो. जिन्यात उभं राहून म्हणतो, मैं खाली आती हूँ. ऐकणारा मनात हसतो आणि समजून घेतो. हिंदीत खालच्याला नीचे म्हणतात आणि खाली म्हणजे रिकामं. अरबीतही खाली म्हणजे रिकामंच, इथे भाड्याच्या घरावर पाटी लावतात तीही तशीच वाचतात. तेव्हा या देशात पंधरा वर्षं काढून मला हे माहीत नव्हतं असं नाही. लक्षात आलं नाही, एवढंच.

ऑक्टोबर आला, नळ गार झाला, मोसम सुरू झाला. पहिल्या शुक्रवारी दुपारी दोनला पिवळे शर्ट घालून खाडीपार मैदानावर उभे होते, चांगले तेरा जण. सकाळी त्यांनी गॅरेजात काम केलं होतं. दाऊदभाईंनी अख्खा उन्हाळा मुदीरच्या मागे लागून परवानगी मिळवली होती, की शुक्रवारी पोरं सकाळी काम करतील आणि दुपारी सुटतील. त्यांना एक वर्ष खालच्या गटात खेळायचं होतं आणि परत वर यायचं होतं. हे ते मला हसत हसत सांगत असताना मी मुस्तफाभाईंनी तेव्हाच हातात दिलेली यादी बघत होते. यादीत खाडीपार नव्हतं. त्यांच्या जागी भलताच एक नवा संघ होता.

मी मुस्तफाभाईंना बाजूला घेतलं. त्यांनी मोबाइल काढून मला दाखवला. "आपीच तो लिखे मॅडम, खाली. मैं फोन करके पूछा भी. मैं समझा टीम बंद हो गई, तो दूसरे लोगां को दे दिया."

वीस पावलांवर ती तेरा माणसं उभी होती. कुणी वाकून बुटाच्या नाड्या बांधत होतं.

आता हे मी नीट सांगते, कारण सहा वर्षं मी हे कुणालाच नीट सांगितलेलं नाही. काहीही बिघडलेलं नव्हतं. खालच्या गटात आठाऐवजी नऊ संघ करायचे, दर आठवड्याला एकाला विश्रांती द्यायची आणि वेळापत्रक नव्याने मांडायचं. दोन तासांचं काम होतं. फक्त सोळा कप्तानांना एक मेसेज करावा लागला असता की, चूक माझी झाली, मला हिंदी नीट येत नाही. लेखीबाईंनी लेखी चूक केली. त्यातले निम्मे लोक माझ्या नियमांना आधीच कंटाळले होते. ते कसे हसतील हे माझ्या डोळ्यांपुढे आलं.

मी दाऊदभाईंना म्हटलं, "यादी बंद झालीय. ग्राउंडवाल्यांकडून काहीतरी गोंधळ झाला. पुढच्या वर्षी वेळेत लेखी अर्ज द्या."

त्यांनी खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला एक कागद काढला. मुदीरचं पत्र होतं, अरबीत, खाली कंपनीचा शिक्का. सगळ्यांची नावं त्यात होती.

"लेखी हाय, वैनी," ते म्हणाले.

"हे परवानगीचं पत्र आहे, दाऊदभाई. अर्ज नाही."

हे वाक्य मी बोलले. कुणी बोलायला लावलं नाही.

त्यांनी कागदाची घडी पुन्हा तशीच घातली, पिशवीत ठेवली. मग मैदानाकडे बघितलं. निनाद सकाळचा सामना झाल्यावरही थांबला होता आणि पलीकडच्या गोलमध्ये एकटाच उड्या मारत होता, त्यांची वाट बघत. दाऊदभाई त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. त्या दिवशी ते त्याच्यापाशी गेले नाहीत. पोरांना घेऊन खैतानच्या बसकडे चालत गेले.

रात्री निनादने विचारलं तेव्हा मी सांगितलं, "ते खाली गेले ना रे, मग त्यांची टीम बंद झाली." त्याने डोळे पुसले आणि मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

पुढचं वर्ष आलंच नाही. म्हणजे आलं, पण जगाला घरी बसवून गेलं. मैदानाला कुलूप लागलं. राईमधली गॅरेजं महिनोन् महिने बंद राहिली आणि जेव्हा उघडली तेव्हा मोजक्या माणसांनी उघडली. दाऊदभाई वयाने मोठे, त्यांचं नाव पहिल्याच यादीत निघालं. तीस वर्षांचं बिऱ्हाड एका बॅगेत भरून ते गेले. खोलीतले बाकीचेही एकेक करून पांगले. शेवटच्या हिवाळ्यात ती माणसं दर शुक्रवारी काय करत असतील, असं मला कधीतरी वाटायचं. मुदीरने दिलेली दुपारची सुट्टी तर होतीच. खैतानच्या त्या खोलीत ती कशी काढली असेल त्यांनी? मी एकदाही तिकडे फिरकले नाही. ते गेल्याचंसुद्धा मला चार महिन्यांनी कळलं. मी सेक्रेटरीपद सोडलं, कारण विचारल्यावर गुडघा दुखतो म्हणाले.

निनादच्या फोननंतर तो सगळा शुक्रवार मी स्वयंपाकघरात नुसती उभी होते. अमेरिकेचं मला काय कळणार? पण एक गोष्ट मला निनादपेक्षा, त्याच्या प्राध्यापकांपेक्षा जास्त ठाऊक होती. खाली जाण्याने संघ मरत नाही. खाली काही असलं पाहिजे, इतकंच. पाय टेकायला जमीन, दुपारचं का होईना पण मैदान, वहीत नाव. तेवढं असेल तर माणसं काय वाटेल ते करून उभी राहतात, मुदीरच्या हातापाया पडतात, पहाटे कामाला जातात. अमेरिकेत ते चालेल की नाही हा प्रश्न वर कोण बसलंय याचा नाहीच. पडणाऱ्यासाठी खाली कुणी जागा धरून ठेवलीय का, याचा आहे. निनादच्या प्रबंधातला पुरावा नेमका उलटा होता. खाडीपारने दाखवून दिलं होतं की हे चालतं. आणि ते दाखवून देणाऱ्या माणसांना मी एका शब्दाने यादीतून पुसलं, आणि शब्दाचं निमित्त संपल्यावर शुद्धीत राहून पुसलं. आता माझा मुलगा तेच खोटं टाइप करून, खाली माझं नाव घालून, परीक्षकांपुढे ठेवणार होता.

शनिवारी सकाळी मी खैतानमधल्या त्यांच्या गावच्या एकाकडून दाऊदभाईंचा नंबर मिळवला. निनादला सांगण्याआधी त्यांना सांगायला हवं होतं. तीन रिंगांनंतर तोच आवाज आला, जरा घोगरा झालेला.

"वैनी? या अल्ला. कशा हाव? निनाद कसा हाय?"

बंदरावर मासळीचे फ्रीज दुरुस्त करतात म्हणाले. गुडघे गेले. पोरं बोलावतात, पण ते मैदानावर जात नाहीत. मी ऐकून घेतलं आणि मग एका दमात सगळं सांगून टाकलं. मेसेज, चष्म्याचं दुकान, मुस्तफाभाईंचा मोबाइल, दोन तासांचं काम. पलीकडे कसलं तरी इंजिन चालू होतं, ते कुणीतरी बंद केलं.

"मना ठाव हाय, वैनी."

"काय ठाऊक आहे?"

"मुस्तफाभायनी त्याच दिवशी मना मोबाइल दावला, थितंच मैदानावर. खाली लिवलेला. आमी दोनी भाषा बोलताव, मना दोनी अर्थ कलले. तुमी कंचा लिवलाव, तेवढाच कलला नाय."

सहा वर्षं. मी मुद्दाम केलं की चुकून, हे त्यांना ठरवता न येता सहा वर्षं.

"मग तेव्हाच विचारलं का नाहीत?" माझा आवाज चिडका निघाला, तो तसाच निघतो.

"पोरगा उभा व्हता ना समोर गोलमधी," दाऊदभाई म्हणाले. "त्याच्या देखत त्याच्या आयला काय इचारू?"

मी माफ करा म्हटलं, पण ते इतकं हळू की त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. त्यांनी मोठ्याने कुणाला तरी थांब म्हणून सांगितलं. मग मला म्हणाले, "चला वैनी, फ्रीजवाला खोलंबलाय. पोराला सलाम सांगा." इंजिन पुन्हा सुरू झालं आणि फोन बंद झाला. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. का म्हणावं त्यांनी?

मी निनादला फोन केला नाही, लिहिलं. देवनागरीत लिहिलं. लहानपणी मंडळाच्या शनिवारच्या वर्गात तो मराठी वाचायला शिकला होता, अजूनही अक्षर अक्षर लावून वाचतो. मला त्याने सावकाशच वाचायला हवं होतं. सगळं लिहिलं, माझं ते पत्राबद्दलचं वाक्यसुद्धा. शेवटी लिहिलं, 'दाऊदचाचांची टीम खाली गेली म्हणून बंद झाली नाही. ते खाली खेळायला तयार होते. ती जागा मी खाली केली. तुझ्या प्रबंधात असंच लिही.'

मेसेजच्या दोन्ही खुणा निळ्या झाल्या. तो वाचत असावा. बराच वेळ गेला. मग उत्तर आलं, वेड्यावाकड्या काना-मात्रांचं, पण मराठीत.

'दाउदचाचाला माहीती आहे?'

मी लिहिलं, 'हो. पहिल्या दिवसापासून. तू गोलमध्ये उभा होतास म्हणून ते बोलले नाहीत.'

त्याही खुणा निळ्या झाल्या. प्रबंध त्याने दिला का, दिला तर त्यात काय लिहिलं, मला माहीत नाही. नळाला आता अगदी गार पाणी येतं, गीझर लावावा लागतो. खिडकी मी उघडी ठेवते. निनादचा फोन दर शुक्रवारी सकाळी यायचा. आज तिसरा शुक्रवार आहे.